ऐनापुरे यांचे सहकार्य लाभले

गडहिंग्लजच्या लोकांनी त्या यंत्राचं बारसं पहिल्याच महिन्यात उरकलं. सरकारी परिपत्रकात त्याला 'अनुल्लेखदर्शक' म्हटलं होतं. एवढं नाव घ्यायचं तर तोंडातलं पान थुंकावं लागतं, म्हणून बाजारपेठेने त्याला चहाडखोर म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. दिसायला पाटीएवढं, वर काच, कोपऱ्यात एक दिवा. २०३६ सालापासून ते प्रत्येक माध्यमिक शाळेत आलं. ज्ञानतरंग विद्यालयात ते इतिहासाच्या नेसरीकर बाईंच्या कपाटात असायचं, कारण त्याच्याशी कसं वागावं हे अख्ख्या तालुक्यात त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं.

यंत्रामागची कल्पना तशी साधी होती. माणूस चरित्रात एकटा मिरवतो, पण कागदांत तो कधीच एकटा नसतो. हजेरीपट, फोटो, पत्रं, बातम्या, सभेची इतिवृत्तं, सगळीकडे त्याच्या नावाशेजारी दुसरी नावं असतात. संशोधकांनी हजारो माणसांचे असे कागद आणि त्यांची चरित्रं यंत्राला शेजारी शेजारी ठेवून वाचायला दिली. एखादं नाव कागदांत इतक्या वेळा सोबत दिसलं, तर चरित्रात त्याला साधारण किती जागा मिळते, एवढंच ते त्यातून शिकलं. मग नवं चरित्र समोर ठेवलं की ते अंदाज बांधायचं, इथे अमुक माणूस असायला हवा होता. तो नसला की काचेवर त्याचं नाव उमटायचं आणि दिवा लाल व्हायचा. तो का नाही, हे मात्र यंत्राला कळत नव्हतं. लिहिणारा विसरला, घाबरला की जळला, ते माणसांनीच शोधायचं.

पाच वर्षांत या दिव्याने भल्याभल्यांची झोप उडवली. वर्तमानपत्रांतल्या श्रद्धांजलीत दुसऱ्या बायकोचं नाव येऊ लागलं. लग्नाच्या बायोडाटात मोडलेला साखरपुडा येऊ लागला. पाठ्यपुस्तकात कोणाचाही परिचय छापायचा तर यंत्राचा हिरवा अहवाल सोबत जोडायचा, असा नियमच झाला. पण लोक काय कमी हुशार! दिवा फक्त नाव आणि त्याला मिळालेली जागा मोजतो हे कळायला त्यांना सहा महिनेही लागले नाहीत. चरित्रांत नावांची खोगीरभरती सुरू झाली. पुस्तकं जाड झाली, खरी मात्र होती तेवढीच राहिली.

नेसरीकर बाईंना हे दुखणं पहिल्यापासून ठाऊक होतं. "दिवा हिरवा झाला म्हणजे सगळं खरं झालं असं नाही," असं त्या दर जूनमध्ये मुलांना वहीत लिहायला लावायच्या. मुलं लिहायची आणि पान उलटायची.

बाईंचं खरं नाव झालं होतं ते रिकाम्या खुर्चीच्या तासाने. यंत्राच्याही आधीपासून त्या हा तास घेत. वर्गापुढे एक खुर्ची ठेवायची. एखाद्या मोठ्या माणसाच्या चरित्रातलं एक पान वाचायचं आणि विचारायचं, या पानावर कोण असायला हवं होतं आणि नाही? धरण बांधणाऱ्या साहेबांच्या चरित्रात धरणाखाली गेलेल्या गावचा माणूस नसतो. क्रांतिकारकाच्या चरित्रात त्याला चार महिने गुपचूप डबा पोचवणारी बाई नसते. वर्गातलं एक मूल त्या माणसाच्या नावाने खुर्चीत बसायचं आणि चरित्रकाराला प्रश्न विचारायचं. चरित्रकार झालेल्या मुलाची जी तारांबळ उडायची, तीत इतिहासाचा अर्धा अभ्यासक्रम होऊन जायचा. या तासाला राज्य पुरस्कार मिळाला होता. आता नववीच्या पुस्तकात तो 'नेसरीकर पद्धत' म्हणून, बाईंच्या परिचयासह छापला जाणार होता.

फेब्रुवारीअखेर बाई निवृत्त होणार होत्या. निरोप समारंभात वाचायचं मानपत्र यंदा मुलांनीच लिहावं आणि तोच मजकूर परिचय म्हणून पाठ्यपुस्तक मंडळाकडे जावा, असं मुख्याध्यापक अभिजित हत्तरकी यांनी ठरवलं. ते बाईंचेच जुने विद्यार्थी. चारचौघांत बाई त्यांना सर म्हणत आणि एकट्यात अभिजित.

मानपत्राचं काम नववीतल्या अन्विता देसूरकरकडे आणि तिच्या दोन मैत्रिणींकडे गेलं. चौथ्या दिवशी तिघी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या खोलीत आल्या. बाई तिथे चहा घेत होत्या.

"बाई, दिवा लाल झालाय," अन्विता म्हणाली. "आम्ही सगळ्यांची नावं घातली. तुमच्या घरची, शाळेची, शिपाई मुकादम मामांचंसुद्धा. तरी एक नाव येतंय. पूनम ऐनापुरे. ह्या कोण?"

बाईंनी कप खाली ठेवला. "होत्या एक," त्या म्हणाल्या. "तासिका तत्त्वावर होत्या. वर्षभरच."

"वर्षभरच? पण तुमच्यासोबत त्यांचे छप्पन फोटो आहेत. आणि टाइमटेबलात आठवी ब चे तास दोघींचे एकत्र."

"लहान गाव, लहान शाळा. फोटो निघतात."

हत्तरकी सरांनी एकदा बाईंकडे पाहिलं. त्या वर्षी ते या शाळेत नव्हते, पण बाईंचा चेहरा त्यांना शाळकरी वयापासून वाचता येत होता. त्यांनी अन्विताच्या हातून मजकूर घेतला आणि शेवटच्या परिच्छेदात स्वतःच एक वाक्य घातलं: 'या कामी तासिका शिक्षिका श्रीमती पूनम ऐनापुरे यांचे सहकार्य लाभले.' यंत्र क्षणभर थांबलं. दिवा हिरवा झाला.

"झालं की बाई!" अन्विता टाळी वाजवून म्हणाली.

तिघी आनंदाने पळाल्या. ऐनापुरेंनी नेमकं काय सहकार्य केलं, हे एकीनेही विचारलं नाही. बाईंना आपल्या विद्यार्थिनींचा राग आला. ज्या मुलींना आपण चरित्रातला रिकामा कोपरा शोधायला शिकवलं, त्या एका दिव्यावर भाळून निघून गेल्या. पण त्या रागाच्या पाठोपाठ सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची बाईंना लाज वाटली.

घरी त्यांच्या कपाटात साड्यांखाली एक टाचणवही होती. शिक्षक उद्याचा तास कसा घेणार ते आदल्या दिवशी जिच्यात लिहितो, ती वही. अक्षर त्यांचं नव्हतं. '१४ जुलै २०२६, आठवी ब. एक खुर्ची रिकामी ठेवणे. चरित्रात नसलेल्या माणसाला बोलावणे.' पंचवीस वर्षांच्या पूनमने तो तास घेतला, तेव्हा बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, नव्या पोरीच्या चुका काढायला. तास संपला तेव्हा त्यांना आपल्या वीस वर्षांच्या नोकरीची कीव आली होती. पुढच्या आठवड्यापासून दोघी मिळून तो तास घेऊ लागल्या. वर्ष सरता सरता राज्याच्या उपक्रम स्पर्धेचा अर्ज आला. त्यात एकाच शिक्षकाच्या नावाला जागा होती. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, तासिकेवरच्या बाईंचं नाव घालून काय करायचं, जूनमध्ये त्या असतील की नसतील. बाईंनी स्वतःचं नाव लिहिलं. अर्जाच्या मागे बारीक अक्षरांत नियम होता: पहिल्या येणाऱ्या तासिका शिक्षकास कायम मान्यता देण्यात येईल. बाईंना पहिल्यापासून अर्ज पाठपोट वाचायची सवय; पूनम त्यावरून त्यांना हसायची. त्यांनी तोही वाचला होता.

स्पर्धेत पहिला क्रमांक आला. जूनमध्ये पूनमचे तास बंद झाले. जाताना ती टाचणवही बाईंच्या हातात देऊन गेली, "तुम्हाला उपयोगी पडंल," म्हणाली. तिचं पुढे संकेश्वरात लग्न झालं एवढं बाईंच्या कानावर आलं होतं.

वही स्कॅन झालेली नव्हती, म्हणून यंत्राला तिचा पत्ता नव्हता. ती साड्यांखाली राहिली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. रविवारी सकाळी बाई ती पर्समध्ये घालून संकेश्वरच्या बसमध्ये बसल्या. आपण नेमकं काय करायला निघालोय, हे त्यांना स्टँडवर उतरेपर्यंत ठरवता आलं नाही.

पूनमचं मिरची कांडप बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. हंगाम सुरू झालेला. गल्लीच्या तोंडापासूनच लोकांना ठसका लागत होता. पूनम नाकातोंडाला ओढणी बांधून गिऱ्हाइकाची चटणी मोजत होती. तिने बाईंना पाहिलं, ओढणी खाली केली आणि हसली.

"अगं बया! बाई, तुम्ही? तिकडं वाऱ्याला बसा, न्हाईतर जीव कासावीस हुईल."

बाई वाऱ्याला बसल्या. यंत्राने तुझं नाव काढलं, मानपत्रात ते आता घातलंय, असं त्यांनी सांगितलं. कसं घातलंय तेही सांगितलं, कारण पूनमने विचारलं.

"सहकार्य लाभलं," पूनम म्हणाली. "बरंय की."

बाईंनी पर्समधून वही काढली. पूनमने हात पुढे केला आणि मागे घेतला. "हाताला तिखट हाय. तुम्हीच उलटा पानं."

बाई पानं उलटत गेल्या आणि पूनम त्यांच्या खांद्यावरून वाचत राहिली. "अक्षर काय झकास होतं माझं," ती एकदा म्हणाली. "आता बिलं लिहिते तीबी वाचवत न्हाईत." चौदा जुलैच्या पानावर ती थांबली. "त्या दिवशी मुल्लांचा इरफान खुर्चीत बसलेला. हत्तीचा माहूत झालेला. राजाला म्हणाला, माझा पगार कुठाय? सगळा वर्ग हसून हसून लोळला."

"पूनम," बाई म्हणाल्या, "त्या अर्जावर तुझं नाव राहून गेलं गं. गडबडीत विसरलेच मी."

कांडपाचे मुसळ खाली पडून पुन्हा वर जाईपर्यंत पूनम त्यांच्याकडे बघत राहिली.

"होतं असं," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे गेली.

परत आली तेव्हा तिच्या हातात चहाचा कप होता. "वही शाळंत द्या," ती म्हणाली. "माझी पोरं कानडी शाळंत शिकतात, त्यांना ती लागायची न्हाई. पण एक सांगू का बाई? त्या कागदात सहकार्य नको. सहकार्य मुकादम मामाबी करत होते, खुर्च्या उचलून ठेवायचे. लिहायचं तर मी काय केलं ते लिहा. न्हाईतर नाव काढून टाका. दिवा लाल झाला तर होऊ दे की लाल."

सोमवारी बाईंनी वही अन्विताच्या हातात ठेवली आणि तिघींना सगळं सांगितलं. तास कोणाचा, वही कोणाची, पुरस्कार कोणाला.

"मग तुम्ही त्यांचं नाव का नाही घातलं?" अन्विताने विचारलं.

"विसरले," बाई म्हणाल्या.

मुलींचे चेहरे सैल झाले. बाई विसरू शकतात, हे त्यांना चालण्यासारखं होतं.

हत्तरकी सरांना मात्र ते चाललं नाही. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची," ते दार लावून म्हणाले. "मजकूर मंडळाकडे गेलाय. हिरव्या अहवालासकट गेलाय. कोणी विचारलंय का तुम्हाला?"

"परत मागव."

"तुमचं नाव जाईल पद्धतीवरून. चौदा वर्षं घासलीत तुम्ही. तालुक्याला, जिल्ह्याला हा तास तुम्ही पोचवला, त्या कांडपवाल्या बाईंनी नाही."

"तिला पोचवायला शाळाच कुठे राहिली होती, अभिजित? लोक म्हणतील आयत्या बिळावर नागोबा. म्हणू देत."

सरांनी मजकूर परत मागवला. त्यानंतर आठवडाभर ते मधल्या सुट्टीत चहाला बाईंच्या टेबलाशी आले नाहीत. बाईंना ते लागलं. शाळेचा मान म्हणजे स्वतःचा मान, असं त्यांनीच या मुलाला सातवीत शिकवलं होतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

वही स्कॅन होऊन शाळेच्या दप्तरात गेली तसा जुन्या मजकुरावरचा हिरवा दिवा आपोआप लाल झाला; वहीभर पसरलेल्या नावाला एक ओळ पुरेना. मुलींनी मानपत्र मुळापासून नव्याने लिहिलं. आता दिवा हिरवा झाला, आणि या वेळी अन्विताने त्यावर न थांबता वहीचं पान न् पान मजकुराशी ताडून पाहिलं. संकेश्वरला फोन करून पूनमला आमंत्रणही तिनेच दिलं. तयार मानपत्र बाईंना आधी दाखवायचं नाही, हा जुना रिवाज होता. तो पाळला गेला.

समारंभ शनिवारी दुपारी झाला. सभागृह भरलं होतं. चाळिशी गाठलेले विद्यार्थी आपापल्या पोरांना घेऊन आले होते. पूनम कांडप बंद ठेवून आली होती आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. शाल झाली, श्रीफळ झालं. मग अन्विता काचेच्या चौकटीतलं मानपत्र दोन्ही हातांत धरून उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत होता.

"रिकाम्या खुर्चीचा तास ही श्रीमती पूनम ऐनापुरे यांची कल्पना," तिने वाचलं. "१४ जुलै २०२६ रोजी त्यांनी तो आठवी ब मध्ये प्रथम घेतला. नेसरीकर बाई तो त्यांच्याकडून शिकल्या आणि त्यांनी तो चौदा वर्षे शिकवला."

सभागृहात कुजबुज झाली. अन्विता थांबली नाही.

"पुरस्काराच्या अर्जावर श्रीमती ऐनापुरे यांचे नाव लिहावयाचे बाई अनवधानाने विसरल्या. परंतु एवढ्या वर्षांनी ती चूक त्यांनी स्वतः होऊन आम्हांस सांगितली. असे थोर मन लाभलेल्या गुरू आम्हांस मिळाल्या, हे आमचे भाग्य होय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले. हत्तरकी सरही टाळ्या वाजवत होते, त्यांचा आठवड्याचा अबोला तिथल्या तिथे सुटला होता. शाळेला डाग लागायच्या ऐवजी तुराच लागला होता. नेसरीकर बाई ऐकत होत्या. मानपत्र म्हणजे काय चीज आहे, हे त्या मुलांना चौतीस वर्षं सांगत आल्या होत्या. आज ते त्यांच्याच वाट्याला आलं होतं. त्यांची लबाडी त्यात घातली होती आणि बाहेर थोर मन निघालं होतं. त्यात मुलींचा दोष नव्हता. विसरले, हा शब्द त्यांना बाईंनीच पुरवला होता. बाकीचं मुलींच्या मायेने केलं होतं, आणि माया मोजणारा दिवा अजून कोणी काढलेला नव्हता.

अन्विताने चौकट पुढे केली. ती कपाळाला लावून घ्यायची असते. बाईंनी ती घेतली आणि टेबलावर पालथी ठेवली.

"मुकादम मामा," त्या म्हणाल्या, "स्क्रू ड्रायव्हर आहे का?"

मुकादम मामांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बाईंनी पुन्हा विचारलं. मग कोणीतरी धावलं, स्क्रू ड्रायव्हर आला, आणि मामांनी चौकटीच्या मागचे चार स्क्रू एकेक करून काढले. तेवढा वेळ सभागृह तसंच बसून होतं. व्यासपीठावरचे पाहुणे घड्याळाकडे बघत होते. बाईंनी काच बाजूला केली, कागद टेबलावर सपाट केला आणि पेन उघडलं. शेवटची तीन वाक्यं खोडली. त्यांच्यावर काहीतरी लिहिलं. कागद अन्विताकडे दिला.

"वाच."

अन्विताने मनात वाचलं आणि तिचा चेहरा पडला. "बाई," ती हळूच म्हणाली, "असं मानपत्रात लिहीत नाहीत."

"मग कुठे लिहितात?"

अन्विताने कागद सरळ धरला. ती माइककडे वळली. मघाचा खणखणीत आवाज आता राहिला नव्हता.

"पुरस्काराच्या अर्जावर श्रीमती ऐनापुरे यांचे नाव लिहायचे बाई विसरल्या नव्हत्या. नाव लिहिले तर ऐनापुरे यांना कायमची नोकरी मिळेल, हा अर्जामागचा नियम त्यांनी वाचला होता. पुरस्कार आपल्याला मिळावा म्हणून त्यांनी ते लिहिले नाही. हे त्यांनी चौदा वर्षे कोणाला सांगितले नाही. गेल्या पंधरवड्यातही त्या दोनदा खोटे बोलल्या."

टाळी वाजली नाही. एक लहान मूल आईला मोठ्याने काहीतरी विचारू लागलं, आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. हत्तरकी सर खाली बघत होते. मग हळूहळू एकेक मान तिसऱ्या रांगेच्या कडेला वळली. पूनमचा चेहरा पाहायची सगळ्यांना घाई झाली होती.

पूनम मांडीवर हात ठेवून समोर बाईंकडे बघत बसली होती. तिच्या चेहऱ्यात काही फरक पडलेला नव्हता. अख्ख्या सभागृहात बाईंखेरीज हे आधीपासून माहीत असलेली ती एकटीच होती.